मलासुद्धा सांगू नकोस

ताईला माहेरून दुसरं काही मिळालं नव्हतं, एक धाकटा भाऊ तेवढा मिळाला होता, आणि तोही धड नाही असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं. नवरा लोकांना गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाखालच्या जादा ब्रेकवर कायम पाय ठेवून बसायचं. त्याचा स्वभावच तसा झाला होता. "तुझे बंधुराज म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या," तो म्हणायचा, आणि त्यात खोटं तरी काय होतं? धाकट्याने कोंबड्या पाळून पाहिल्या, फोन विकून पाहिले, आणि शेवटी कसल्याशा साखळी योजनेत स्वतःबरोबर भावोजींचेही पैसे बुडवले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. मधल्यामध्ये ताईचं मात्र सँडविच झालं होतं.

आता धाकटा मालवाहू जहाजावर वेल्डर होता आणि त्याची कंपनी पगारातला काही भाग डिजिटल डॉलरमध्ये, म्हणजे नुसत्या इंटरनेटवर चालणाऱ्या चलनात, देत असे. इकडे ताई ज्या लाँड्रीत इतकी वर्षं इस्त्री करत आली होती, ती लाँड्री म्हाताऱ्या मालकीणबाई विकायला निघाल्या होत्या. पहिला हक्क ताईचा, पण शनिवारपर्यंतच. नंतर जो पैसे टेकवेल त्याची. ताईची सगळी बचत अर्ध्या वाटेत दमत होती. उरलेली वाट धाकटा पार करून देणार होता.

"पैसे बँकेतून आले तर आठवडा खातील," तो फोनवर म्हणाला. फोन स्पीकरवर होता, नवरा पेपरामागून ऐकत होता. "तुला फोनवरच पैशांचं वॉलेट काढून देतो, त्यात टाकतो. घाबरू नकोस. हा जो लांबलचक अक्षरं-आकड्यांचा पत्ता दिसतोय ना, तो कुणालाही दे. दारावरची पाटी समज. पाटी वाचून कुणी घरात शिरत नाही."

"आणि हे बारा शब्द कसले?"

"ती किल्ली. कागदावर लिही आणि कपाटात ठेव. फोटो काढू नकोस, कुणाला सांगू नकोस. भावोजींना नाही, मलासुद्धा नाही."

"अरे, तूच तर शिकवतोयस!"

"मलासुद्धा सांगू नकोस, म्हटलं ना."

आधी त्याने चिमूटभर रक्कम पाठवून पाहिली. ती आली. ताईने तो इवलासा आकडा नवऱ्याला दाखवला. नवरा म्हणाला, "मासा गळाला लागावा म्हणून आधी गांडूळ लावतातच."

शुक्रवारी दुपारी ताई जेवायला घरी आली आणि धाकट्याचा निरोप वाजला. "सगळे पाठवले गं. जहाज सुटतंय, इंजिनरूममध्ये उतरतोय. वर आलो की बोलू." खाली व्यवहाराची लिंक. ताईने अधीर होऊन वॉलेट उघडलं. आत तीच चिमूटभर रक्कम.

थांबली, पुन्हा उघडलं. फोन बंद करून चालू केला. काही नाही.

मग तिने ती लिंक उघडली. पान सांगत होतं की व्यवहार पूर्ण झाला, रक्कम पोचली. कुठे पोचली, तर एका लांबलचक पत्त्यावर. लाँड्रीत गिऱ्हाइकाला कोट परत देताना ती जशी चिठ्ठी जुळवायची, तसंच एकेक अक्षर बोट ठेवून तिने आपल्या पत्त्याशी जुळवलं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. पत्ता तिचाच, पैसे पोचलेले, आणि घर रिकामं!

"असली पानं कुणीही बनवतो," नवरा हात पुसत म्हणाला. "गेले म्हणायचे. मुळात होते का, हाच प्रश्न आहे."

"तो आता तसा राहिला नाहीये."

"मग फोन का उचलत नाही?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. लाँड्री हातची जाईल याचं दुःख होतंच, पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. पैसे नाहीत म्हटल्यावर भाऊही गेला. या वेळी तो खोटा निघाला, तर पुन्हा त्याची बाजू घ्यायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

वॉलेट वापरणाऱ्यांचा एक मदत-गट होता. तिथे तिने आपलं गाऱ्हाणं मांडलं, आणि लगेच एका अनोळखी माणसाचा खासगी निरोप आला. काय ती अदब! "काळजी नको ताई, मी मदत अधिकारी. तुमचं वॉलेट पुन्हा जोडावं लागेल. तुमचे बारा शब्द इथे लिहून पाठवा." इतक्या प्रेमाने त्या दिवशी तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. तिने कपाटातला कागद काढला आणि टेबलाशी बसून लिहू लागली. नऊ शब्द झाले.

"थांब." नवऱ्याने तिच्या हातातून फोनच काढून घेतला.

"द्या इकडे! तो मदत करतोय."

"तुझ्या भावाने काय सांगितलं होतं? हे शब्द कुणाला सांगायचे नाहीत."

"तुम्हाला कधीपासून माझ्या भावाचं खरं वाटायला लागलं?"

नवऱ्याने तो निरोप पुन्हा वाचला आणि हळूहळू, जणू स्वतःलाच शिकवत असल्यासारखा म्हणाला, "हे शब्द म्हणजे किल्ली. ज्याला लुबाडायचंय, तो किल्ली मागतो. हा मागतोय. तुझ्या भावाने मागितली नाही. तो तर म्हणाला, मलासुद्धा सांगू नकोस. असा कुठला चोर असतो?"

त्याने नऊच्या नऊ शब्द पुसले, त्या गोडबोल्याला हाकललं आणि फोन टेबलावर ठेवला. चोर सोडून आपण संन्याशाला फाशी देत होतो, हे दोघांनाही कळलं होतं. पण पैसे कुठे होते, ते अजून कुणालाच कळलं नव्हतं.

धाकट्याचा फोन आला तेव्हा ताई सगळं एका दमात बोलली.

"अगं, थांब, थांब. वॉलेटमध्ये वरती नेटवर्कचं नाव दिसतंय? त्याच्यावर बोट ठेव. खाली दुसरं येईल, ते निवड."

ताईने बोट ठेवलं. आकडा बदलला. चिमूट गेली आणि अख्खी रक्कम समोर येऊन उभी राहिली. ताईचा जीव भांड्यात पडला.

घोडं इथे पेंड खात होतं तर! नेटवर्क म्हणजे पैसे यायची वाट, आणि अशा वाटा दोन होत्या. पत्ता दोन्ही नेटवर्कवर तिचाच, किल्लीही तीच. चिमूट एका नेटवर्कवर आली होती आणि मोठी रक्कम दुसऱ्यावर. पैसे तिच्याच घरात होते, ती मात्र भलत्याच खोलीत शोधत होती.

"तिथून हलवायला थोडं भाडं लागतं, तेही आत्ता टाकतो," धाकटा म्हणाला. "मग ते डॉलर विकून रुपये बँकेत घे. आज होईल सगळं."

"पण मेल्या, दुसरीकडून पाठवलेस कशाला?"

"तिथे खर्च कमी येतो ना," तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, तेवढेच तुझे वाचतील."

ताईला हसू आवरेना. जन्मभर पैसे उधळलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काटकसर केली, आणि त्या काटकसरीने तिचा जीव घेतला असता! नवऱ्याने हात पुढे केला. एवढ्या वर्षांत धाकट्याचा फोन आला असताना त्याने कधी असा हात पुढे केला नव्हता. ताईने तो दिला.

"मी बोलतोय," नवरा म्हणाला.

पलीकडून, जहाजाच्या घरघरीतून, आवाज आला, "भावोजी, तिने शब्द तर नाही ना दिले कुणाला?"

"देणार होती. मी दुपारभर तुला चोर म्हणत होतो, खोटं कशाला सांगू? पण ऐन वेळी तुझं ऐकलं."

"माझं?"

"तुझंच."

नवरा फोन कानाला लावून तसाच उभा राहिला, ठेवून देण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. ताईने डोळे पुसले, चपला घातल्या आणि मालकीणबाईंना सांगायला निघाली की उद्यापर्यंत थांबू नका, लाँड्री आमची.