पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या

मॅडमने नळ बंद केला, तेव्हा काकांनी आधी हात पुसले आणि मग वर पाहिलं. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळलेला हा माणूस दोन महिन्यांपासून नळ्या घासत होता, आणि तो मॅडममुळेच.

गोचिडीतून अंगात शिरणारा तिच्या संशोधनातला जिवाणू मुलखाचा ऐतखाऊ. स्वतः फारसं काही बनवायचं नाही, ज्याच्या अंगात शिरायचं त्याच्याकडूनच अन्नाचा कण न् कण उचलायचा. ते कण आत घेणारं त्याचं एक दार तिने बंद केलं. उंदरांना लागण झाली नाही, आणि बाई हवेत गेल्या. दुसऱ्या खेपेला मात्र दार बंद असूनही उंदरांना लागण झाली. दार बंद आणि दार उघडं अशा दोन गटांच्या पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या काकांनी आपसात बदलल्या असणार, असं ती भर बैठकीत म्हणाली. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

आज सकाळी तिने पहिल्या खेपेचे गोठवलेले जिवाणू तपासले. लागणीला लागणारा जनुकांचा एक अख्खा तुकडाच त्यांनी गमावला होता. बाटलीतल्या आयत्या रसात पुन्हा पुन्हा वाढवलं की ते असं करतात. म्हणून तीनदाच वाढवायचं, असा कागद तिने स्वतः भिंतीवर लावला होता. घाईत तिने अकरा वेळा वाढवले होते. पहिले उंदीर वाचले ते त्यामुळे. दाराचा काही संबंध नव्हता.

तोंड उघडायला तिला दुपार झाली.

"काका, चिठ्ठ्या बरोबर होत्या. चूक माझी होती. उद्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे."

काका चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

तिला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चिठ्ठ्या बदलल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्या उगाच कशाला म्हणतील? तेव्हा आठवणच गेली, असं ते धरून चालले. त्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. म्हणून काकांनी स्कूटर विकली. नातीला शाळेतून आणणं सोडलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढं घरी सांगा," म्हणत काकांनी फोन लावला. "बायको माझं ऐकायची नाही."

फोन तिच्या हातात आला. पलीकडून घाबऱ्या आवाजात एक बाई विचारत होती,

"कोण बोलतंय? हे कुठे सापडले तुम्हाला?"