संपल्याचा टोल

मी शाळेची घंटा बोलतेय. भिंतीला टांगलेली नव्हे. लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. ड्युनेडिनच्या एका ओतशाळेत माझं पितळ ओतलं गेलं आणि तिथून मी दक्षिणेला, कॅटलिन्सच्या किनाऱ्यावरच्या एका दोन खोल्यांच्या शाळेत आले. पुढे समुद्र, मागे मेंढ्या, मध्ये आम्ही.

माझं खरं आयुष्य सुरू झालं मोरॅगबाई आल्यावर. तेवीस वर्षांच्या होत्या, आवाज इतका बारीक की पोरं ऐकेनात. म्हणून त्या मलाच पुढे करायच्या. पुढची एकतीस वर्षं मला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

त्या शाळेत मला माणसांची एक गंमत दिसली. दिवस तसा सलग असतो, ओढ्याच्या पाण्यासारखा. पण पोरांना तो तसा आठवत नसे. घरी न्यायला आलेली आई फाटकाशी विचारी, "काय केलंस आज?" आणि पोर सांगे, "गणित झालं, मग खेळलो, मग टेडीनं नाकात वाटाणा घातला, मग चित्रं काढली." सगळे तुकडे तुकडे. मला वाटे, हे तुकडे मीच पाडते. मोठी ऐट होती मला त्याची.

मग गावातली पोरं कमी होत गेली. शेवटी चारच उरली आणि शाळा बंद झाली. निरोपाच्या दिवशी गावानं मला बाईंच्या हातात ठेवलं आणि मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसले. काम एकच उरलं. बाईंचा नवरा हेनारे बोटीवरून समुद्रात पिंजरे टाकून शेवंडं पकडायचा आणि घरी असला की किनाऱ्यावरच्या शेडमध्ये पिंजरे दुरुस्त करत बसायचा. जेवण झालं की बाई दारात उभ्या राहून मला वाजवायच्या.

"आलो गं, आलो!" तो खालून ओरडायचा. "मी काय पहिलीतला आहे?"

"पहिलीतली पोरं लवकर येतात," बाई म्हणायच्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंना ताप आला आणि मेंदूला सूज चढली. दीड महिना त्या इस्पितळात होत्या. परत आल्या तेव्हा चालत होत्या, बोलत होत्या, विणत होत्या. टेडीचा वाटाणासुद्धा आठवत होता. फक्त आजचा दिवस काही केल्या हाताला लागत नव्हता. रिकामा कप हातात धरून त्या विचारायच्या, "हेन, चहा घेऊया का?"

पहिल्यांदा तो हसला. दहाव्यांदा उठून बाहेर गेला.

मग ड्युनेडिनहून सेफिना नावाची मुलगी येऊ लागली. सामोआची, धिप्पाड, गोड आवाजाची. मेंदूच्या दुखण्यातून उठलेल्यांना ती शिकवायची. स्वयंपाकघरात बसून तिनं हेनारेला समजावलं, "काका, आपण दिवसभर जे करतो ते मन आपोआप तोडत जातं. एक काम संपलं, दुसरं लागलं, एका खोलीतून दुसरीत गेलो, की तिथे मन एक गाठ मारतं. नंतर आठवायचं ते त्या गाठी चाचपून. बाईंचं मन गाठ मारायचं विसरलंय. त्यामुळे सगळं एकातून एक वाहून जातं."

त्या दिवशी माझी ऐट उतरली. तुकडे पोरांची मनंच पाडत होती. मी नुसती मदतीला होते.

"मग करायचं काय?" हेनारेनं विचारलं.

"गाठ बाहेरून मारून बघू. एक गोष्ट संपली की थांबायचं, काय संपलं ते मोठ्यानं म्हणायचं, आणि..." तिची नजर माझ्यावर पडली. "ही वाजते का?"

"वाजते का?" हेनारे म्हणाला. "हिनं अख्ख्या गावाला वळण लावलंय. आयुष्यभर माझ्या बायकोनं पोरांना हाकललं. आता मी तिला हाकलतो!"

"सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही हं, काका," सेफिना म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. लापशी खाऊन झाली, टोल. कोंबड्यांना दाणे टाकून झाले, टोल. प्रत्येक वेळी हेनारे विचारी, "काय संपलं, बाई?" आणि त्या शहाण्या विद्यार्थिनीसारखं सांगत. चार आठवडे काहीच झालं नाही. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "आज काय काय झालं?" बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. लापशी. कोंबड्या. पाऊस आला म्हणून कपडे आत घेतले. चीज रोल करपले. तू शिवी दिलीस...

आठ गोष्टी झाल्या. हेनारेनं इन्व्हरकार्गिलला मुलीला, नायरीला, फोन लावला आणि धावा सांगाव्यात तसा ओरडला, "आठ! नायरी, आठ!"

त्यानंतरची दोन वर्षं ती दोघं माझ्या जिवावर जगली, असं म्हटलं तर फार होणार नाही.

एका सकाळी पिंजरे बोटीवर चढवताना हेनारे धक्क्यावरच कोसळला आणि गेला. तीन दिवस त्याला त्याच्या माणसांत, मराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभाघरात ठेवलं होतं. गाणी झाली, रडणं झालं, भाषणं झाली. बाई तिन्ही दिवस शवपेटीला टेकून बसल्या होत्या, त्याच्या गालावरून हात फिरवत. मी खिडकीतच राहिले. त्या गडबडीत माझी आठवण कुणाला येणार?

घरी आल्यावर बाईंनी कोट काढला आणि विचारलं, "हेन कुठे गेला?"

नायरीनं खरं सांगितलं. बाई कोट तसाच मांडीवर घेऊन रडल्या. तसलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं डोळे पुसून त्या उठल्या, किटली ठेवली आणि म्हणाल्या, "हेन कुठे गेला?"

नायरीनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बोटीवर गेलेत बाबा."

"बरं," बाई म्हणाल्या. "थंडी आहे. टोपी नेली ना?"

"नेली, आई."

आणि नायरीनं मला उचलून कपाटात, चादरींच्या मागे ठेवलं. मी तिला दोष देत नाही. मी वाजले असते तर ते मरण बाईंच्या मनात बसलं असतं.

पण मरण बसलं नाही तसं दुसरंही काही बसेना. कपाटात मला ऐकू यायचं. बाई जेवायला विसरत. लेकीला विचारत, "तू कधी आलीस?" ती सहा आठवडे तिथेच होती. दिवसभर खिडकीशी उभ्या राहून म्हणत, "आज फार उशीर केला यानं." रोज, तासातासाला, तोच उशीर.

एका सकाळी कपाट उघडलं. नायरीचे डोळे सुजले होते. तिनं मला पिशवीत घातलं, आईला गाडीत बसवलं आणि टेकडीवरच्या दफनभूमीत नेलं. ओल्या मातीपाशी बसून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. धक्का, पिंजरे, ते तीन दिवस, आणि स्वतःचं खोटंही.

बाई रडल्या. मग नायरीनं मला बाहेर काढलं. "आई, वाजवू?"

बाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब. अजून संपलं नाही माझं."

बराच वेळ त्या मातीवर हात ठेवून बसल्या. त्याच्याशी काय बोलल्या ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. मग उठल्या, फाटकाशी नळावर हात धुतले आणि ओल्या हातांनी मला घेतलं.

"हेन गेला," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि मला वाजवलं.

संध्याकाळी नायरीनं भीत भीत विचारलं, "आज काय काय झालं, आई?"

"लापशी खाल्ली. टेकडीवर गेलो." मग त्यांनी तिसरं बोट मोजलं. "हेन गेला." आणि लेकीकडे बघून, "तू एकटीनंच वाहिलंस ना हे इतके दिवस? वेडी कुठली."

नायरीनं आईच्या मांडीत डोकं घातलं. बाईंना आठवावं म्हणून मी दोन वर्षं राबले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, मी फुटले असते तर बरं झालं असतं.

हे झालं मागच्या हिवाळ्यात. आता बाईंना एकटं ठेवता येत नाही आणि नायरीला नोकरी सोडता येत नाही. उद्या सकाळी बाई तिच्याजवळच्या वृद्धाश्रमात जाणार. तिथे घंटा चालत नाही. बाकीचे म्हातारे दचकतात. ते एका परीनं बरोबरच आहे. सेफिना म्हणते, टेबलावर टिचकी मारून बघू. बघोत.

मघाशी नायरीनं विचारलं, "आई, उद्या दार लावताना ही वाजवू की नको? नाही वाजवली, तर कदाचित घर सुटल्याचं तुला कळणारच नाही."

बाईंनी जरा विचार केला. "वाजव," म्हणाल्या. "नाहीतर मी तिथे बसून रोज इथून निघत राहीन."

नायरी, तुझं माझं आजवर बोलणं झालेलं नाही, म्हणून हे एवढंच सांगते. मला मुठीत घट्ट धर. माझी लाकडी मूठ चिरलीय, जपून. रडायचं असेल तर आधी रडून घे. हात थरथरला की माझा आवाज फाटतो, आणि फाटका टोल तिच्या मनात बसणार नाही. एकदाच वाजव, पण तिला पुरेल असं.