स्वयंपाकघराची खिडकी

व्हार्निशच्या कारखान्याची मागची भिंत सासूबाईंच्या स्वयंपाकघरासमोरच होती. वास असा डोक्यात जायचा की ती खिडकी वर्षानुवर्षं बंदच. तक्रार करायला गेल्या की मालक चहा पाजून वाटेला लावायचा.

मग घरात सून आली, तीही कारखान्यांची हवा साफ करणारी इंजिनियर. मालकावर प्रदूषण मंडळाचा दट्ट्या आला आणि काम नेमकं तिच्या कंपनीकडे आलं.

"म्हणजे करणार काय तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"धुराड्याच्या आधी एक पेटी बसवायची, आई. आत नळ्या, प्रत्येक नळीत तार. तारेत जबर दाबाची वीज सोडली की निळ्या ठिणग्या उडत राहतात. त्यातून जाताना वासाची वाफ फुटून जाते."

"वीज पाडून वास मारायचा. ऐकावं ते नवलच."

यंत्र सुरू झालं त्या सकाळी सुनेचा फोन आला. "आई, खिडकी उघडून बघा आणि खरं सांगा. सून म्हणून गोड बोलू नका."

"मी तुझ्याशी गोड कधी बोलले गं?" म्हणत त्यांनी गंजलेल्या कडीला दोन धपाटे घातले. खिडकी उघडली. व्हार्निशचा वास नव्हता, पण नाकाला काहीतरी झोंबत होतं. "तो गेला, पण दुसराच आलाय. जेरॉक्सच्या दुकानात येतो तसला."

"ओझोन. विजेमुळे तयार होतो. तो जिरवायला जाळी लावलीय, पण पुरत नाहीये. मीटरही तेच म्हणतोय. लावून घ्या खिडकी."

पुढे आठवडाभर ती कारखान्यातच अडकली. विजेचा दाब उतरवला की व्हार्निश डोकं वर काढायचं, चढवला की ओझोन. घरी यायची ती तोंड पाडून. सासूबाई ताट वाढायच्या. एकदाच म्हणाल्या, "नव्या घरात मीठही लगेच हाताला बसत नाही. जेव."

शेवटी जाळीचे थर वाढवल्यावर मेळ बसला. त्या दुपारी सुनेनं घरी येऊन स्वतःच खिडकी उघडली. सासूबाईंनी डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"येतोय का कसला?" सुनेनं विचारलं.

"येतोय. शेजारणीचं दूध लागलंय. पळ, सांग तिला."

सून हसत हसत जिना उतरली. ती परत येईपर्यंत सासूबाईंनी जेवणाचं टेबल ओढून खिडकीशी आणलं होतं.