कम्प्रेसरची उचकी

आमच्या शाळेची चौथीची खोली आणि युनूसभाईचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीपायी मी युनूसभाईशी इतकी वर्षं भांडले आहे की एखाद्या दिवशी माझा आवाज आला नाही तर उमरखेडात लोक विचारतात, विमलताई आजारी आहेत का. भांडण त्याच्या कम्प्रेसरचं. चाकात हवा भरायचं ते जुनं धूड सुरू झालं की धडधड भिंतीतून थेट फळ्यावर यायची. टाकी भरत आली की ते एक मोठी उचकी द्यायचं आणि मग गप्प व्हायचं. मुलं खदखदून हसायची, आणि तास संपल्यात जमा.

"युनूसभाई, त्याला एकदाचं औषध द्या," मी खिडकीतून ओरडायची.

"देतो मॅडम, उद्याच देतो," तो तिकडून म्हणायचा. तो उद्या काही उगवला नाही.

यावर तोडगा काढला तो त्याच्याच मुलीनं, गझालानं. बी.एस्सी., बी.एड. झालेली, चौथीला गणित शिकवायला मी तिला घेतलं होतं. धडधडीचा सूर चढला की ती बोलणं थांबवून एक बोट वर करायची. अख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा. उचकी आली की ती म्हणायची, "कोणीतरी अब्बाची आठवण काढली." मुलं हसायची, बोट खाली यायचं आणि गणित पुढे चालू. मी घसा फोडून जे साधलं नाही ते पोरीनं एका बोटानं साधलं. युनूसभाईलाही ते ठाऊक होतं. "पोट्टे एकदम चूप झाले का मले समजते, माही गझाला शिकवून राह्यली," असं तो मला एकदा म्हणाला होता. तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं ते मी विसरलेली नाही.

आमची शाळा विनाअनुदानित. तिला आम्ही काय पगार द्यायचो ते लिहायची मला लाज वाटते. म्हणून परदेशातल्या शाळेची गोष्ट निघाली तेव्हा जाऊ नकोस म्हणायला मला तोंडच नव्हतं.

ती गोष्ट घेऊन आलेल्या माणसाचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. त्या घरात त्याला पाहुणा म्हणायचे, मीही तेच म्हणते. नांदेडकडच्या कुणा ओळखीच्याच्या ओळखीनं तो शुक्रवारी नमाजनंतर आला. जैनबबीनं, म्हणजे गझालाच्या आईनं, दालचा-खाना केला होता. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. आखातातली भारतीय शाळा, गणिताची शिक्षिका हवी, राहणं-खाणं त्यांचं, तिकीट त्यांचं, आणि तुमच्याकडून एक पैसाही नको. फक्त पासपोर्ट आणि सगळी मूळ प्रमाणपत्रं द्या, त्यांच्यावर शिक्के मारून घ्यावे लागतात.

मी दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन उभी राहिले. म्हटलं, त्या शाळेचा फोन नंबर घेतला का? पाहुण्याला विचारून नाही, आपण स्वतः शोधून फोन केला का? हा माणूस सरकारकडे नोंदलेला आहे का? व्हिसा नोकरीचा की नुसता फिरायला जायचा? करार हातात आला का? आणि मूळ प्रमाणपत्रं कशाला देता, झेरॉक्स द्या.

युनूसभाई म्हणजे कसा माणूस, तर कुणी जुनी मोटरसायकल विकत घ्यायच्या आधी दाखवायला आणली की हा पहिल्यांदा रॉकेलच्या बोळ्यानं चेसिस नंबर घासून वाचणार, कागदाशी ताडून पाहणार, मगच पान्याला हात लावणार. तोच माणूस मला म्हणाला, "मॅडम, तो माह्या दस्तरखानावर जेवला. आता त्याले कागद मांगू का? अन् पैसा तर तो मांगूनच नाही राह्यला. जो पैसाच घेत नाही तो फसवीन कायचा?"

यातला दुसरा प्रश्न मलाही पटला. पहिल्याबद्दल मी त्याला चांगलंच झापलं. पण चारचौघांना जेवू घालणारं ते घर, जेवल्या माणसावर संशय घेणं त्यांच्या रक्तातच नाही.

पाहुण्यानं शिकवण्याचा एक व्हिडिओ मागवला. तो आमच्याच चौथीच्या खोलीत मोबाईलवर काढला. त्याची सूचना होती की मुलं दिसायला नकोत, फक्त शिक्षिका आणि फळा. जैनबबीनं शिवलेला मोरपंखी ड्रेस घालून गझालानं अपूर्णांक शिकवले, भाकरीचे तुकडे करून. असा तास मी जन्मात घेतला नसेल. महिनाभरात ती गेली. स्टँडवर जैनबबीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि बस हलली तरी सोडत नव्हती.

तिकडून गझालाचे फोन यायचे, पण उडतउडत. बरी आहे, कामात आहे, नंतर बोलते. मग एक दिवस पाहुण्याच्या पेजवर व्हिडिओ आला. आधी एक उंच, काचेची इमारत, आणि मग गझाला, फळ्यापुढे उभी राहून शिकवते आहे. खाली लिहिलेलं, आमच्या शिक्षिका परदेशातील वर्गात. जैनबबीनं गल्लीत शिरा वाटला. तिच्याजवळ तसला फोन नव्हता. युनूसभाईच्याच फोनवर ती रोज पाहायची, आणि तोही आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. आवाज मात्र यायचा नाही. स्पीकर गेला, तो म्हणायचा.

"गावाची इंजिनं खोलता आणि स्वतःचा एवढासा फोन नीट करता येत नाही?" मी त्याला चिडवलं.

"करतो मॅडम, उद्याच करतो," तो म्हणाला.

मी तो व्हिडिओ पहिल्यांदा नीट पाहिला तो तिथेच, गॅरेजातल्या स्टुलावर बसून. कितीतरी महिन्यांनी पोरीचा चेहरा दिसला म्हणून मी खुशीत होते. ती बोलत होती, खडूनं भाकरीचे भाग पाडत होती. मग ती मध्येच थांबली. एक बोट वर केलं. थांबून राहिली, गालात हसली, काहीतरी म्हणाली आणि बोट खाली घेतलं.

मी व्हिडिओ मागे नेऊन ते बोट पुन्हा पाहिलं. त्या देशात कुठला आलाय युनूसभाईचा कम्प्रेसर?

मी फोन परत दिला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. कसं सांगावं याचा मी विचार करत होते, पण सांगायची वेळ आली नाही. त्यानं दारातून घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मले पहिल्याच दिवशी समजलं, मॅडम. आवाज सुरू होता तवा. माहा कम्प्रेसर मी वळखणार नाही का?"

"मग गझाला कुठं आहे?"

"शाळा हायेच नाही. एका घरात हाय. तिथले लेकरं सांभाळते, सैपाक करते, धुणंभांडी करते. पासपोर्ट पाहुण्याच्या माणसापाशी. मी तिले इचारलं तर रडली बी नाही. म्हणे, अब्बा, अम्मीले तो व्हिडिओ पाहू द्या."

पोलिसांत जाऊ, मी लगेच म्हटलं. तो मान हलवत राहिला. मग खरी गोष्ट बाहेर आली. पाहुण्याला आता मोबदला हवा होता, आणि तो पैशांत नव्हता. इकडून एक मास्तरीण पाठव, तुझी परत घे, असं त्यानं सांगितलं होतं. आणि बोभाटा केलास तर पोरगी कुठल्या घरात आहे हेसुद्धा कळणार नाही.

"म्हणून तुम्ही गावभर हा व्हिडिओ दाखवता?" माझा आवाज चढला. "दुसऱ्याची पोर गळाला लागावी म्हणून?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "दाखवतो. पाहुण्याचा नंबर मात्र कोणालेच देल्ला नाही अजून. रोज वाटते देऊन टाकावं. मंग हिंमत होत नाही."

मला त्याचा संताप आला होता आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता. थोडे दिवस थांबा, तो म्हणाला. मी थांबले, कारण पोर तिकडे अडकली होती आणि माझ्या एका तक्रारीनं तिचं काय होईल हे मला तरी कुठे माहीत होतं?

पुढच्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी पुन्हा त्याच्या मागे लागायला गेले, तर गॅरेजात हिरासिंग बसलेला. बाजूच्या तांड्यावरचा कास्तकार, त्याची गाडी नेहमी इथेच यायची. सोबत त्याची मुलगी संगीता, नुकतीच बी.एड. झालेली. तिच्या हातातल्या फोनवर तोच व्हिडिओ होता.

"युनूसभाई, तुमची पोरगी गेली म्हून आमची हिंमत झाली," हिरासिंग म्हणाला. "हिची याडी, माय हिची, भिऊन राह्यली. म्या म्हटलं, युनूसभाईले इचारतो. तुमी हो म्हणसान तर पाठवतो, नाही म्हणसान तर नाही. नंबर तेवढा द्या."

जैनबबी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिच्या कानावर पडलं आणि तिचा चेहरा फुलला. "भेजो भाई, भेजो," ती म्हणाली. "मेरी गझाला को सहेली हो जाएगी. अकेली है वहाँ."

युनूसभाई मळक्या फडक्यानं हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. एका नंबरानं त्याची मुलगी घरी येणार होती. मी, जिला गप्प बसणं कधी जमलं नाही ती, तोंड मिटून उभी होते. एक क्षण माझ्या मनात आलं, देऊन टाक. मोरपंखी ड्रेसमधली गझाला डोळ्यांपुढे होती आणि संगीताकडे माझ्यानं पाहवत नव्हतं.

त्यानं खिशातून आपला फोन काढला, व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरला काहीही झालेलं नव्हतं.

"ही आपली भाकर," गझालाचा आवाज गॅरेजभर झाला. "हिचे चार सारखे भाग केले, तर एका भागाला काय म्हणायचं?" तिच्या आवाजामागे धडधड होती. धडधड चढत गेली, ती थांबली, बोट वर गेलं. उचकी आली. न दिसणारी मुलं हसली. "कोणीतरी अब्बाची आठवण काढली," गझाला म्हणाली.

युनूसभाई उठला आणि त्यानं कम्प्रेसरचं बटण दाबलं. तीच धडधड. टाकी भरेपर्यंत आम्ही सगळे त्या यंत्राकडे पाहत उभे होतो. मग त्यानं उचकी दिली आणि ते बंद झालं.

"हिराभाऊ, पोरीले पाठवू नका," युनूसभाई म्हणाला. "हा वर्ग तिकडला नाही. या भितीमागचा हाय. माही गझाला कोणत्याच शाळेत नाही. तुमची पोरगी देल्ली तर माही सोडतो म्हणे तो. मले नाही जमत."

हिरासिंगनं संगीताच्या हातातला फोन काढून घेतला आणि उलटा करून ठेवला.

जैनबबीनं ट्रे स्टुलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. तिनं हिरासिंगला चहा दिला, संगीताला दिला, मला दिला. आलेल्या माणसाला चहा देणं राहून जाऊ नये एवढंच जणू तिला उमगत होतं. मग ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"फिर मेरी गझाला किधर है?"

तो सांगू लागला, पण त्याला ते धड सांगता येईना. शेवटी मी सांगितलं. कुठल्याही आईला असलं काही सांगायची पाळी माझ्यावर पुन्हा येऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार दिली. हिरासिंगही आला आणि त्यानं आपला जबाब लिहून दिला. नंतर यवतमाळला गेलो, दूतावासाला कळवलं. पाहुण्याचं पेज गायब झालं, त्याचा फोन बंद झाला आणि त्याच आठवड्यात गझालाचाही. अजून बंदच आहे. चौकशी सुरू आहे, असं आम्हाला दर वेळी सांगतात. जैनबबी आता त्या व्हिडिओकडे पाहत नाही, डोळे मिटून नुसता आवाज ऐकते.

चौथीला आता संगीता गणित शिकवते, त्याच लाजिरवाण्या पगारावर. बोटाचं तिला कुणी शिकवलं नाही. मुलांनीच शिकवलं. धडधड चढली की तीच आपापली बोटं वर करतात आणि गप्प बसतात.

कम्प्रेसर नीट करा असं मी आता म्हणत नाही. हवा भरायला एकही गाडी नसते, तरी दुपारी गणिताच्या तासाला युनूसभाई तो लावतो. मुलं चूप होतात. भिंतीपलीकडे तो कान देऊन उभा असणार, हे मला न पाहताही कळतं. उचकी येते, मुलं हसतात, आणि मग संगीता पुढचं गणित सांगायला लागते. तो आवाज त्याच्या मुलीचा नसतो. थोड्या वेळानं पलीकडून पान्याचा आवाज सुरू होतो.