बिनमालकाची जागा

"या ॲपला मालक नाही, मोठीमाय. कंपनी नाही. टाकलेलं दुसऱ्या कोणाला काढता येत नाही." केवढा तोरा होता माझा! त्याच तोऱ्यात मी तिचा व्हिडिओ टाकला.

मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, देवकाबाई. देवरीकडच्या जंगलातला कडू कंद तिच्यासारखा कोणी रांधत नाही. चकत्या, राख, उकळी, फोडणी. दीड मिनिटाच्या व्हिडिओत सगळं.

आज चार वाजता कोणा 'वाटसरू' नावाच्या माणसाने खाली लिहिलं, "कंद आजच मिळाला. संध्याकाळी मुलांना करून घालतो." मी कौतुकाने मोठ्याने वाचलं.

तांदूळ निवडता निवडता मोठीमायचा हात थांबला.

"आजच भेटला? मंग पाण्यात कवा ठेवला?"

"कोणत्या पाण्यात?"

"नाल्याच्या! दोन रात्री वाहत्या पाण्यात ठेवल्याबिगर विष उतरत नाई त्याचं. मरतीन पोरं त्याची!"

"मग व्हिडिओत काऊन नाही सांगितलं तू?"

"हे का सांगाचं राहते? कोणाले मालूम नाई?"

मला नव्हतं मालूम. लहानपणापासून खात आले, पण नाल्यावर कधी गेले नाही. राग तिचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

पोस्ट पुसली. माझ्याकडची गेली, पण अकरा जणांनी ती आपापल्याकडे उतरवून पुन्हा टाकली होती. तसं मी मोठीमायला सांगितलं.

"मालकाले फोन लाव."

"मालक नाही."

"मंग कोणाच्या दारात जाऊन सांगाचं?"

'खाऊ नका' असं त्या वाटसरूला सहादा लिहिलं. उत्तर नाही. साडेपाच झाले. ओळख ना पाळख, पण त्याची मुलं मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"तुहं लिहिलेलं तो वाचून नाई राहिला. माहं तोंड दाखव त्याले," मोठीमाय म्हणाली. मी फोन तिच्यासमोर धरला. "बाबू, तो कंद फेकून दे. जहर हाये त्यात. सांगाचं राहिलं, माही चूक झाली." तो व्हिडिओ लगेच त्याला पाठवला.

सहा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, "फेकला. ताटं वाढली होती."

मी रडले. मोठीमाय रडली नाही.

"हा बोलला म्हणून समजलं. जो न बोलता रांधून राहिला असन, त्याचं काय?"

तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"अकरा म्हणली ना? पयलं नाव वाच."