अकरा अंगठ्यांचा रांजण

मित्रांनो, भोईवाड्यातल्या एका उंच इमारतीच्या दारात, लोकांच्या ओल्या छत्र्या पोटात घेऊन उभा असलेला मी एक जुना रांजण आहे. माझ्या अंगावर सोनेरी ऑइलपेंट आहे. येणारेजाणारे मला बघून 'किती छान' म्हणतात. मला मात्र त्या रंगाची मनापासून चीड येते, आणि का येते ते आज सांगून टाकतो.

चोवीस वर्षांपूर्वी इथे पारकर चाळ होती. एका दुपारी तिला आग लागली. सकाळचं पाणी केव्हाच येऊन गेलं होतं, नळ कोरडे होते, पिंपांच्या तळाशी जेमतेम वीतभर पाणी उरलं होतं. बंब गल्लीत शिरेपर्यंत अकरा माणसं गेली. त्यांत लवू कुंभारांची मुलगी अनुजा होती. ती या चाळीत लग्न होऊन आली, त्याला चारच महिने झाले होते.

लवूकाका वडाळ्याला मिठागराच्या बाजूला राहायचे, माठ आणि कुंड्या करायचे. लेकीचं तेरावं उरकलं आणि ते पोतं घेऊन चाळीत आले. चाळीच्या जळक्या बाजूच्या ढिगाऱ्यातली फुटकी कौलं त्यांनी वेचून नेली, कुटली, चाळली आणि ती पूड मातीत मळली. त्या मातीचा मी झालो.

मी ओला असतानाच त्यांनी अकरा घरांना बोलावलं. गेलेल्या प्रत्येक माणसासाठी घरच्या एकाने माझ्या अंगावर अंगठा दाबायचा होता. लवूकाकांच्या बायकोने, शांताकाकीने, वाकून अगदी तळाशी दाबला, कारण अनुजा घरात सगळ्यांत धाकटी. नऊ वर्षांचा विनीत आपल्या आईसाठी, सुभद्रासाठी आला होता. त्याला सगळ्यांत वरची जागा हवी होती. बापाने त्याला उचलून धरलं आणि त्याने गळ्याखाली अंगठा टेकवला. ठसा इवलासा उमटला. खरं सांगतो, मला तोच ठसा सगळ्यांत आवडायचा.

भट्टीतून निघाल्यावर मला चाळीच्या तोंडाशी बसवलं. निघताना लवूकाका म्हणाले, "ह्येका कधी रंग लावू नकात. रांजणाक घाम येवक होयो, तरच पाणी थंड रवता. आणि रिकामो ठेवू नकात." विनीत बापाचं बोट धरून ऐकत होता.

वीस-बावीस वर्षं मी रिकामा राहिलो नाही. पाणी भरायला घरोघरची पाळी ठरलेली होती. पोस्टमन, भाजीवाल्या, कोर्टात तारखेला आलेली माणसं माझं पाणी पिऊन जायची. अंग सदा ओलं असायचं, ठशांमध्ये थेंब जमायचे. असं गार पाणी भोईवाड्यात दुसरीकडे नाही, असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. चाळ पाडून इमारत बांधली, तेवढी वर्षं मला शेजारच्या देवळाच्या ओट्यावर ठेवलं होतं. तिथेही पाळ्या चुकल्या नाहीत.

लवूकाका गेले. विनीत नव्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला. मला वाटलं, आता घोर नाही, आपलाच माणूस आहे. इमारतीच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. विनीतने रंगारी आणला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला गोल्डन मार. आणि हे खड्डे आहेत ना, त्यात लांबी भरून घे. एकदम प्लेन पाहिजे."

खड्डे म्हणाला तो. रंगाऱ्याने अकराही ठसे लांबीच्या लगद्याने बुजवले, घासले आणि वर रंगाचे दोन हात दिले. परक्याने केलं असतं तर मी सोसलं असतं. पण जो अंगठा मी इतकी वर्षं जपला, त्याच अंगठ्याच्या धन्याने माझा घात केला.

माझा घाम बंद झाला. पाणी कोमट लागायला लागलं, त्याला रंगाचा वास यायचा. दोनच दिवसांत कुणी तोंड लावेना. मग विनीतच म्हणाला, "हा आता काय कामाचा नाय राहिला." माझ्यात छत्र्या आल्या.

गेल्या महिन्यात आगीचा दिवस आला. त्या दिवशीची पाळी शांताकाकीची असते. ती वडाळ्याहून बसने आली, खालच्या नळावर कळशी भरली, छत्र्या काढून बाजूला ठेवल्या. मग बाहेरून माझ्या तळाशी बराच वेळ बोटं फिरवत बसली. वॉचमनने विनीतला खाली बोलावलं.

"माझो अंगठो खंय गेलो रे?" तिने विचारलं.

"काकी, ते बरं दिसत नव्हतं. पाहुणे येणार होते."

"बरा. मगे तुझ्या आवशीचो खंय तो तरी दाखय."

विनीत आईचा ठसा शोधायला वाकला. पोटावर हात फिरवला, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आला. सगळीकडे गुळगुळीत होतं आणि त्याला जागा आठवेना. शांताकाकीने कळशी माझ्यात ओतली आणि ती निघून गेली.

एका कळशीने माझा तळच भिजतो. चार दिवसांनी तिथला रंग फुगला, लांबी सुटून पडली आणि अनुजाचा ठसा मोकळा झाला. त्यात एक थेंबही जमला.

तेव्हापासून विनीत ऑफिसला जाताना रोज थांबतो आणि नखाने रंग खरवडतो, कधी इथे, कधी तिथे. मित्रांनो, कुणाची आठवण तुमच्या हाती सोपवली असेल तर तिला नटवू नका, तिचं काम तिला करू द्या. सुभद्राची जागा मला ठाऊक आहे. ती खरवडून मिळायची नाही. गळ्यापर्यंत पाणी भरावं लागेल, दहा-बारा कळशा तरी. आज सकाळीही विनीत आला होता. त्याच्या हातात लॅपटॉपची बॅग होती, कळशी नव्हती.