मापाड्याची पंचविसावी बाटली

"फेकून दिली म्हंता? मंग माझ्या अंगातून काय उसाचा रस गेला का मॅडम?"

परभणीच्या रक्तपेढीत समुपदेशक राजेश्रीच्या टेबलासमोर शिवमूर्ती बसला होता. मानवतच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, मापाडी. काट्यावर पोतं चढलं की एकाच्या जागी शुभाचा 'लाभ' म्हणत "लाभ, दोन, तीन" असा त्याचा आवाज सुरू होई, आणि वीस वर्षांत त्या मोजणीत एका पोत्याची चूक निघाली नव्हती.

"बाटली भरली होती काका," राजेश्री म्हणाली, "पण तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. यकृताची लागण. ते रक्त कुणाला चढवता येत नाही. यापुढे तुम्ही रक्त द्यायचंही नाही."

शिवमूर्तीने सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यातलं महत्त्वाचं तेवढं विचारलं, "म्हंजे आता पंचवीस धरायच्या का चोवीस?"

प्रश्न साधा नव्हता. चोवीस प्रमाणपत्रं लॅमिनेशन करून त्याने बैठकीत लावली होती. त्यांच्यासाठी लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला होता, आणि बायको त्याची आठवण आठवड्यातून एकदा तरी करून देई. बसव जयंतीच्या शिबिरात पंचविसाव्या रक्तदानाबद्दल सत्कार ठरला होता. फ्लेक्ससुद्धा छापून आला होता. फेटा बांधलेला शिवमूर्ती, खाली हा मोठा '२५'. तो फ्लेक्स त्याने तीनदा उलगडून पाहिला होता. तिसऱ्यांदा सुरकुत्या पडल्यात का ते बघायला, असं त्याचं म्हणणं.

"कावीळ झाली होती का मध्ये?"

"पोळ्याला झालती. पण उतरवली की! गंगम्माआत्यानं काविळीची माळ घातली. डोक्यावरची माळ तीन दिसांत कमरेला आली."

"मग फॉर्मवर 'नाही' का लिहिलंत?"

"उतरल्यावर कशाला लिवायची? पोतं काट्यावरून उतरलं की काटा शून्यच दाखवतो ना?"

राजेश्रीला हसू आलं. ते तिने फायलीत दडवलं.

"पिवळेपणा बहुतेकांचा आपोआप जातो काका, माळ घाला नाहीतर घालू नका. विषाणू मात्र काहींच्या अंगात मुक्काम करतो. आणि लागण अगदी ताजी असेल तर आमच्या मशीनलाही दिसत नाही. तेव्हा रोग्याला वाचवतं ते फॉर्मवरचं खरं उत्तरच."

आता मात्र शिवमूर्तीचा चेहरा उतरला. "मंग माझी चोविसावी? ती कुणाला चढली आसंल..."

राजेश्रीने नोंद काढून पाहिली. "मागच्या वर्षीच्या संक्रांतीची. पोळ्याच्या सात महिने आधीची. तपासणी स्वच्छ. ती चांगली होती."

त्याने सोडलेला श्वास पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

मग तिने बाकीचं सांगितलं. डॉक्टरांकडे जात राहायचं, घरच्यांची तपासणी करायची, त्यांना लस द्यायची. एका ताटात जेवल्याने काही होत नाही, दाढीचं पातं तेवढं वेगळं. "आणि हे कुणाला सांगायची सक्ती नाही. सत्कार खुशाल घ्या. मी बोलणार नाही."

मानवतला जाणाऱ्या एसटीत त्याने हिशेब केला. ठाऊक दोघांनाच. एक मॅडम, एक मशीन. दोघंही बोलणार नाहीत. पण काट्याजवळ उभा असलेला तिसरा होताच, मोजणारा तो स्वतः.

बसव जयंतीला फ्लेक्स लागला, तेव्हा '२५' मधल्या पाचावर कागदाची पट्टी होती आणि तिच्यावर हाताने काढलेला चार.

"एक बाटली खराब निघाली," शिवमूर्ती माईकवर म्हणाला. "मला कावीळ झालती आन् मी लपवली. ती मोजायची न्हाई."

पहिल्या रांगेतून गंगम्माआत्या उठली. "माझ्या माळेला नाव ठेवायलास का रे?"

"तुझी माळ ऱ्हाऊ दे आत्या. माझं लिवणं चुकलं."

मांडवाला फुकटची करमणूक मिळाली. शिबिरात फॉर्म तपासायला बसलेल्या राजेश्रीने मात्र घाईघाईने आपल्या टेबलाशेजारी खुर्ची ओढली. "आत्या, इथं बसा. कावीळ कुणाकुणाला झाली, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? फक्त हळू बोला."

हळू आवाज गंगम्माआत्याजवळ नव्हताच. कापडवाला हरिओम फॉर्म भरायला आला आणि 'कावीळ? नाही' लिहू लागला.

"दिवाळीत टोपीखाली काय दडवून फिरत व्हतास रे? माझी माळच ना?"

हरिओमने पेन खाली ठेवलं. त्याच्यामागचे दोघे चहा प्यायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. राजेश्रीने मनातल्या मनात तिघांची नोंद केली. आजवर तिच्या कुठल्याच छापील प्रश्नाने एवढं काम केलं नव्हतं.

पलीकडे भरलेल्या पिशव्या बर्फाच्या पेटीत जात होत्या आणि शिवमूर्तीचा मोंढ्यातला आवाज चालू होता, "लाभ, दोन, तीन..." एकेचाळीसवर तो थांबला. चहा-बिस्कीट समोर आलं, तेव्हा शिवमूर्तीने चहा घेतला आणि पुडा परत केला. "बिस्कीट रक्त देणाऱ्याचं असतं."

संध्याकाळी मांडव उतरवताना वाऱ्याने पट्टीचा कोपरा उचलला. आतला पाच डोकावला. शिवमूर्ती स्टुलावर चढला आणि पट्टीवर अंगठा दाबून उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या मामा," मांडववाला खालून म्हणाला, "आता काढायचाच हाय फ्लेक्स."

"काढायचा तवा काढ."

खळ पुन्हा धरेपर्यंत त्याने अंगठा हलवला नाही.